उताणा तळहात

१

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सव्वानऊची गाडी. शिवप्पा नऊ वाजता अणदूरच्या थांब्यावर येऊन उभे राहत आणि गाडी दहाला पाच मिनिटे कमी असताना येई. याविषयी आता बोलायचे नाही असे ते दर खेपेला ठरवत आणि दर खेपेला कंडक्टरला विचारत, "वेळापत्रक छापता कशाला तुम्ही?" कंडक्टरही ठरलेले उत्तर देई, "बसा अप्पा, तुमच्यासाठीच तर थांबवली." धाराशिव येईपर्यंत डाव्या हाताने पुढच्या सीटचा दांडा धरायचा, मनगट सैल सोडायचे आणि खड्डा आला की दात आवळायचे. हा व्यायाम कुणी सांगितला नव्हता. तो रस्त्यानेच लावून दिला होता.

छत्तीस वर्षे त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून काढली होती. त्यांच्या मोजणीवर कुणी फेरमोजणी मागितली तरी आकडा तोच येई. हे ते स्वतः कधी सांगत नसत, कारण त्यात सांगण्यासारखे काय आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. पाच महिन्यांपूर्वी गावातल्या दोघा भावांचा बांधाचा तंटा मिटवायला ते गेले, हद्दीच्या दगडावर उभे राहिले, दगड कलंडला आणि सगळे अंग डाव्या हातावर आले. दगड मूळ जागी नव्हता, कुणीतरी तो हातभर सरकवला होता, हे त्यांना पडता पडताच कळले होते. मनगट मोडल्याच्या वेदनेहून तो संताप त्यांच्या मनात अधिक काळ टिकला.

सहा आठवडे प्लास्टर झाले. ते निघाल्यावर बोटे मिटू लागली, तांब्या उचलता येऊ लागला, सदऱ्याची बटणे लागू लागली. एकच गोष्ट राहिली. हात पालथा होई, उताणा होत नसे. कोपर कुशीला टेकवून तळहात आकाशाकडे वळवू लागले की तो तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक वळे आणि मग, कुलपात दुसऱ्याच कुलपाची किल्ली अडावी तसा, अडे.

दुसऱ्या कुणाचे एवढ्याने अडले नसते. शिवप्पांचे सगळेच अडले होते. आठव्या वर्षी दीक्षा झाल्यापासून एकसष्ट वर्षे, रोज सकाळी स्नान करून, कपाळी भस्म लावून, ते गळ्यातल्या चांदीच्या डबीतून आपले इष्टलिंग काढत, डाव्या तळहातावर ठेवत, तो हात डोळ्यांसमोर धरत आणि पापणी न लववता त्याच्याकडे पाहत बसत. देव्हारा म्हणा, गाभारा म्हणा, त्यांच्यासाठी तो डावा तळहात होता. आणि आता तो तिरपा झाला होता. प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी लिंग त्यावर ठेवून पाहिले. ते घरंगळले. त्यांच्या पत्नीने, सिताबाईंनी, पदर पुढे केला म्हणून जमिनीला लागले नाही. पदरात पडलेले ते सुपारीएवढे काळेभोर लिंग शिवप्पांनी उजव्या हाताने उचलून डबीत ठेवले. त्या दिवसापासून डबी उघडली गेली नव्हती.

मठातले स्वामी म्हणाले, "उजव्यावर घ्या अप्पा. चालतंय. भाव महत्त्वाचा."

"चालत असेल, महाराज," शिवप्पा म्हणाले. "पण हद्द सोयीनं सरकवायची नसती."

डॉक्टरांनी त्याहून थोडक्यात सांगितले होते. सहा महिन्यांत जे वळेल ते वळेल. पुढे आशा धरू नका. त्यांतले पाच संपले होते.

२

धाराशिवचे उपचारकेंद्र रंगाच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर होते. तिथली फिजिओथेरपिस्ट हुमेरा ही नळदुर्गची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तिचे बोलणे तिच्या हातांइतकेच चपळ होते. पहिला महिनाभर तिने गरम पाणी, मेण, रबरी चेंडू असे सगळे करून पाहिले. मग एके मंगळवारी तिने कपाटातून एक पांढरे खोके काढले, यात आतल्या पडद्यावर खेळ दिसतो असे सांगत ते शिवप्पांच्या डोळ्यांवर बसवले, पट्टा डोक्याला आवळला, आणि डोळ्यांपुढची खोली नाहीशी झाली.

तिथे एक आमराई होती. शिवप्पांना ती पाहताक्षणीच पटली नाही. सगळी झाडे एकाच झाडाच्या नकला होत्या. झाडांच्या सावल्या पूर्वेकडे पडत होत्या आणि कुंपणाच्या पश्चिमेकडे, म्हणजे त्या आकाशात दोन सूर्य असायला हवे होते आणि दिसत एकही नव्हता. जमिनीला चढ नव्हता, उतार नव्हता. पावसाचे पाणी तिथे कुठे जाईल हे कुणालाही सांगता आले नसते.

"ही जमीन मोजता यायची नाही," ते म्हणाले.

"मोजायची न्हाय अप्पा, हात बघा फक्त," हुमेराचा आवाज कुठूनतरी बाहेरून आला.

हात दिसत होते. दोन, करड्या रंगाचे, नखे नसलेले, रेषा नसलेले. शिवप्पांनी बोटे हलवली की तीही हलत. झाडाखाली डावा हात उताणा धरायचा, त्यावर आंबा पडतो, तीन अंक मोजेपर्यंत तोलून धरायचा आणि शेजारच्या टोपलीत सोडायचा, असा तो खेळ होता. शिवप्पांनी हात वळवला. तो नेहमीच्या ठिकाणी अडला, मनगटात कळ उठली. समोरचा करडा हात मात्र अडला नाही. तो वळतच गेला आणि पाटासारखा सपाट झाला. आंबा पडला. "वा! फारच छान!" खोक्यातली कुणी अज्ञात बाई म्हणाली.

शिवप्पांनी खोके काढले. त्यांचा हात मांडीवर तसाच तिरपा होता.

"हे खोटं दाखवतंय."

"खोटं न्हाय, थोडं वाढवून दाखवतंय. डोळ्याला पटलं की मेंदूला पटतं, अन् मेंदूला पटलं की हात ऐकतो. असंच असतं ते."

"तीसला साठ लिहिलं तर आमच्या खात्यात निलंबन व्हायचं."

"इथं बढती मिळते, अप्पा. बसा सरळ."

"किती वाढवलंय?"

"दुप्पट. त्याच्यापुढं मशीन वाढवतच न्हाय, तशी सोयच न्हाय त्यात."

परतीच्या गाडीत, तुळजापूरच्या घाटात, शिवप्पांना ते सुचले आणि आपल्याला हे तिथेच का सुचले नाही याचा त्यांना राग आला. हुमेराने सकाळी कोन मोजला होता. पस्तीस अंश. पस्तिसाची दुप्पट सत्तर. समोरचा तळहात मात्र सपाट होता, आणि सपाट म्हणजे नव्वद. त्यांच्या डोळ्याला एवढे कळत होते. वीस अंश उरत होते आणि ते कुणाच्याच हिशेबात बसत नव्हते.

३

त्यांच्या आधीची वेळ बजरंगची असे. भूमकडचा तरणाबांड शेतकरी; कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. तो त्या खोक्यावर निहायत खूश होता आणि त्याचे खूश असणे शिवप्पांना सोसत नसे.

"अप्पा, तुमी उगं चिडचिड करताव," तो पट्टा सोडत म्हणाला. "म्या तर मंगळवारची वाट बघतो. तिथं माझी पाचीच्या पाची बोटं हायती की!"

"पाच कशी असतील? तुला तीन आहेत."

"तीन हितं. तिथं पाच."

"मग ती दोन कुणाची?"

बजरंग हसला. "मशीनची असतील. मला काय त्याचं? आंबा धरतेत, काम झालं." मग त्याने आपली तीन बोटे उघडली, मिटली, आणि हसू जरासे उतरले. "फकस्त एक हाय अप्पा. ती दोन माझ्या आधी मिटतेत. म्या अजून मनात आणलेलं बी नसतंय."

"हे बाईंना सांगितलंस का?"

"सांगून? त्या म्हणतील लई छान, प्रगती हाय."

तो गेल्यावर शिवप्पांनी हुमेराला ते सांगितले. ती खरोखरच म्हणाली, "छान आहे की, मेंदू जुन्या बोटांना विसरला न्हाय अजून." या इमारतीत कुठल्याही गोष्टीला छान म्हटले जाते, असे शिवप्पांनी मनाशी नोंदवले.

४

घरी त्यांनी स्वतःची मोजणी सुरू केली. शाळेतला कोनमापक, गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ. कोपर कुशीला, अंगठा वर, मग वळवायचे. तळहातावर पाणसळ ठेवायची आणि तिच्या काचेतला बुडबुडा कुठे जातो ते पाहायचे. बुडबुडा रोज एकाच टोकाला जाऊन चिकटे.

"आज किती?" सिताबाई विचारत.

"पस्तीस."

"शुक्रवारी किती हुतं?"

"पस्तीस."

"मग एवढं तिकीट काढून तिथं जाऊन करता काय तुम्ही?"

"आंबे झेलतो."

"ह्या दिवसांत?"

यावर शिवप्पांनी पाणसळ फडक्यात गुंडाळली. सिताबाई भाकरी थापत पाठमोऱ्याच म्हणाल्या, "स्वामी म्हणतात ते ऐका की हो. उजव्यावर घेतलं म्हणून देव काय रुसतोय व्हय? पाच महिने झाले. तुमचं तोंड बघवत न्हाय मला सकाळचं."

ते त्यांना ठाऊक होते. सकाळी स्नान होई, भस्म लागे, आसन पडे, आणि मग करायचे काय ते उरत नसे. ते डबीवर हात ठेवून बसत. डोळे सवयीने समोर, छातीच्या उंचीवर, एका ठिकाणी जात आणि तिथे काही नसे. त्या रिकाम्या जागेकडे पाहणे डोळे मिटून बसण्याहून कठीण होते.

आणि हे त्यांनी सिताबाईंना सांगितले नाही की त्या खोक्यात, त्या वेडगळ आमराईत, त्याच उंचीवर, एक सपाट डावा तळहात दर खेपेला दिसे. त्याचा त्यांना तिटकारा होता. मंगळवार यायच्या आदल्या दिवसापासून त्यांचे डोळे त्याला शोधू लागत, याचा तिटकारा अधिक होता.

५

साडेपाच महिने झाले त्या शुक्रवारी एक क्षुल्लक गोष्ट घडली. दहा आंबे झाले, शिवप्पांनी थकून हात मांडीवर पालथा टाकला. बोटांना धोतराचे कापड लागले. समोरचा करडा हात उताणाच राहिला.

त्यांनी बोटे मिटली, तो उघडाच. त्यांनी हात पाठीमागे नेला. तो छातीच्या उंचीवर, सपाट, तसाच. नेहमी करड्या हाताला त्यांच्या हाताचा कंप असे. या वेळी कंप नव्हता. काहीतरी घेण्यासाठी पुढे केलेला हात जसा स्थिर आणि थोडासा पुढे आलेला असतो, तसा तो होता.

"हुमेरा, तुझं यंत्र अडकलंय."

तिने खोके काढून घेतले, त्याची भिंगे मऊ कापडाने पुसली, बाहेरच्या बाजूचे बारीक कॅमेरे पुसले. "उजेड कमी पडला की हात हरवतो त्याला. मागचंच चित्र दाखवत राहतं."

हे पटण्यासारखे होते. यंत्राला हात दिसेनासा झाला, त्याने जुना हात तसाच ठेवला. शिवप्पांनी ते मान्य केले आणि पट्टा पुन्हा बांधून घेतला. मग त्यांच्या लक्षात आले की हा जुना हात नव्हता. पहिल्या दिवशीचा तळहात पाटासारखा होता. हा मधोमध खोलगट झाला होता. खोली थोडीच, जव-दोन जव. पण कडा गोल आणि रेखीव, आणि शिवप्पांनी डोळ्यांनी तिचा व्यास मोजला तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप गळ्यातल्या डबीकडे गेला. सुपारीएवढा.

"तुझ्याकडच्या पडद्यावर काय दिसतंय?" त्यांनी विचारले.

रुग्णाला जे दिसे तेच हुमेराला भिंतीवरच्या पडद्यावर दिसे. "तुमचा हात दिसतोय की. मांडीवर, पालथा."

"उताणा नाही?"

"न्हाय अप्पा. पालथा." ती जवळ आली. "चक्कर येतेय का? काहींना येते. आज बास करू या."

"चक्कर नाही. तुझा पडदा आणि माझं खोकं, दोन्हींत एकच नकाशा हवा, तो नाही, एवढंच सांगतोय. दुरुस्तीला कळव."

"कळवते," हुमेरा म्हणाली. ती कळवणार नाही हे तिच्या आवाजावरून त्यांना कळले, आणि तिने कळवले असते तरी काय लिहिले असते, हेही त्यांना सांगता आले नसते.

६

पुढचे दोन आठवडे काहीही घडले नाही. करडा हात त्यांच्या हाताबरोबर हलला, कापला, मांडीवर आला. तळहात पुन्हा सपाट होता. शिवप्पांनी स्वतःला एकदाचे फैलावर घेतले: एकोणसत्तर वर्षांचा माणूस, सहा महिने पूजा नाही, रात्रीची झोप नाही, डोळ्यांवर बंद खोके, त्याला खोलगटच काय, विहीर दिसली असती.

शेवटचा शुक्रवार आला. सहा महिने त्या दिवशी भरत होते. हुमेराने कोपर कुशीला धरून कोन मोजला, पुन्हा मोजला, आणि कागदावर लिहिण्यापूर्वी उगाच पेन झटकले.

"किती?"

"पस्तीस, अप्पा." मग लगेच, "पण पकड किती सुधारली बघा तुमची!"

तिने खोके चढवले, खेळ सुरू केला, तोच तिचा फोन वाजला. रुग्णालयातून होता, आवाज नीट येईना म्हणून ती बोलत बोलत जिन्याकडे गेली. खोलीत पंख्याची घरघर उरली आणि खालून रंगाचे डबे सरकवल्याचा आवाज. भर दुपारचे बारा वाजले होते.

समोर हात होता. सपाट, छातीच्या उंचीवर. शिवप्पांनी त्याच्याकडे पाहिले आणि सहा महिन्यांत प्रथमच चिडचिड अंगातून निघून गेल्यासारखी वाटली. त्यांच्या मनात जे आले ते वेडेपणाचे नव्हते. उलट, त्यात एकेक पायरी होती. डोळ्याला पटले की मेंदूला पटते. पूजाही डोळ्यांचीच असते. डोळ्यांना इथे सपाट तळहात दिसतो, पण त्यावर खोटा आंबा पडतो, ज्याला वजन नाही. मग मेंदूला पटणार कसे? जे वजन एकसष्ट वर्षे त्या हाताने पेलले, ते एकदा त्यावर पडले तर हाताला आठवेल. त्यांनी आंधळेपणानेच डबीभोवतीचे वस्त्र सोडले आणि मांडीवर पसरले, म्हणजे घरंगळले तरी त्यातच पडेल. मनातल्या मनात मंत्र म्हणत डबी उघडली. उजव्या हाताच्या तीन बोटांत लिंग घेतले. त्याचा तो गार, गुळगुळीत, ओळखीचा स्पर्श झाला आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी ते नेऊन तळहातावर ठेवले.

साऱ्या नोकरीत एकदाही न केलेली चूक त्यांनी त्या क्षणी केली. खूण जमिनीवर करायची, त्यांनी ती नकाशावर केली. लिंग त्यांनी होता त्या हातावर ठेवले नाही, दिसत होता त्या हातावर ठेवले.

बोटे सुटली. उजव्या हातातले वजन गेले. डाव्या हाताला ते आल्याचे कळले नाही. आणि समोर, त्या करड्या तळहाताच्या मधोमध, काळेभोर, त्यावरच्या जुन्या ओरखड्यासकट, लिंग होते. आमराईतल्या साऱ्या वस्तूंत तेवढ्या एकाच वस्तूची सावली बरोबर पडली होती.

शिवप्पा पाहत राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आले नसते. मंत्र चालू होता, दृष्टी ठरली होती, हात कापत नव्हता. सहा महिने जे मागितले ते सगळे मिळाले होते.

मग करंगळी मिटली. तिच्यानंतर अनामिका. घाई नव्हती. शिवप्पांनी आपली बोटे ताणून उघडली, इतकी की मनगटात कळ आली. समोरची एकेक मिटत गेली. शेवटी अंगठा आला आणि वरून बसला.

७

"अप्पा, घरून आणलं होतंत ना नक्की?" हुमेराने कोचाखालून विचारले.

शिवप्पांनी तिच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा केला नाही. मांडीवरचे वस्त्र सपाट होते, एकही चुणी न पडलेले. डबी उघडी आणि रिकामी. तिने कोच सरकवला, गादीच्या शिवणीतून बोटे फिरवली, झाडू घेऊन चारी कोपरे काढले. धोतराचे सोगे झटकून झाले, सदऱ्याचे खिसे उलटे झाले. एक केसांची पिन सापडली, एक संपलेला सेल, बजरंगची तंबाखूची पुडी. खिडकी बंद होती. फरशी पांढरी होती. तिच्यावर तीळ पडला असता तरी दिसला असता, आणि दगड पडला असता तर खालच्या दुकानदाराला ऐकू गेला असता.

"पडल्याचा आवाज आला का?" तिने विचारले.

"नाही."

"मग इथंच असणार. कुठं जाईल? थांबा, मी काकूंना फोन करते, नाहीतर..." इष्टलिंग म्हणजे काय हे तिला माहीत होते. नळदुर्गला तिच्या गल्लीत निम्मी घरे शिवप्पांच्या जातीची होती. "अप्पा, मला माफ करा. मी जायला नको होतं."

"तुझा दोष नाही," शिवप्पा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच कोरडा आणि कचेरीतला वाटला. "ते परत बांध."

"काय?"

"खोकं."

"आत्ता? अप्पा, आधी आपण..."

"बांध म्हणतो ना!"

तिने बांधले. आमराई आली, दोन दिशांच्या सावल्या, चढउतार नसलेली जमीन. आंबे पडत नव्हते. उजवा करडा हात मांडीवर होता, जिथे त्यांचा खरा उजवा हात होता. डाव्याची मूठ समोर होती, अजूनही छातीच्या उंचीवर, पण आता पालथी. मूठ घट्ट होती. पेरे उठून आली होती. इतके दिवस ते हात मनगटापाशी संपत असत. आता मनगटाच्या मागे काहीतरी होते. कोपरापर्यंतचा हात, आणि त्याच्याही मागे, झाडाच्या बुंध्याआड, खांदा म्हणता येईल असे काही. शिवप्पांनी तिकडे पाहिले नाही. मुठीवरून नजर काढली तर संपले, एवढे त्यांना पक्के कळत होते.

"उघड," ते हळू म्हणाले.

"अप्पा!" हुमेरा ओरडली. "अप्पा, हात! तुमचा हात!"

त्यांना तो दिसत नव्हता. हुमेराची बोटे मनगटाला लागली, कोनमापकाची थंड पट्टी दंडाला टेकली. "हलवू नका, तसाच ठेवा. या अल्ला... नव्वद! अप्पा, पूर्ण नव्वद! अहो, उताणा झाला, सगळाच्या सगळा! दुखतंय का?"

दुखत नव्हते. कुठेही अडले नव्हते. डाव्या तळहातावरून पंख्याचा वारा जात होता, आणि त्यावरून त्यांना कळले की तो सपाट आहे, वर वळलेला आहे, आणि त्यावर काहीही नाही. त्यांनी तो पालथा करून पाहिला. तो झाला नाही.

"असाच धरून ठेवा हां, मी फोटो काढते. काकू काय म्हणतील बघा आता! लिंग काय, सापडेल हो ते, खोलीतच असणार, पण हे बघा तरी!"

मूठ खाली जाऊ लागली होती. ओढून नेल्यासारखी नाही. काम झाल्यावर माणूस हात खाली घेतो तशी. टोपलीच्या काठाच्या खाली. गुडघ्याच्या उंचीला. शिवप्पा मुठीमागे वाकले. पापणी लवू नये म्हणून त्यांनी डोळे इतके ताणले होते की पाणी गालांवरून खोक्याच्या रबरात उतरत होते.

"जाऊ नको," ते म्हणाले.

"न्हाय जात, अप्पा," हुमेरा म्हणाली, आणि रडत-हसत तिने त्यांचा उताणा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "इथंच हाय मी."

मूठ गवतात शिरली.